यंत्राची बारी

"आजपासून या दोन जिल्ह्यांत कोणाही माणसाचं हृदय आमच्या परवानगीशिवाय थांबणार नाही!"

डॉ. पद्माकर बोरकुटे यांनी चंद्रपूरच्या सेवासागर रुग्णालयाच्या पटांगणात, भरल्या मंडपात हे वाक्य उच्चारलं आणि टाळ्यांच्या कडकडाटात यंत्राचं बटण दाबलं. यंत्र चाललं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. टाळ्या हळूहळू विरल्या. मग मागच्या रांगेतून सोडा फॅक्टरीवाले गफ्फारभाई उठले आणि म्हणाले, "साहेब, सिलिंडरची चावी माझ्या खिशातच राह्यली ना."

गफ्फारभाईंचा तिथे काय संबंध, हे सांगायला हवं. यंत्र नवं म्हणजे चंद्रपूरला नवं. अमेरिकेत त्यानं आपली नोकरी पूर्ण केली होती. डॉक्टरांच्या तिकडे स्थायिक झालेल्या एका वर्गमित्राला ते अडगळीत टाकवेना, म्हणून त्यानं ते मायभूमीला अर्पण केलं. मायभूमीच्या वाट्याला अशा रीतीनं बरंच काही येत असतं. हे जुनं मॉडेल कार्बन डायऑक्साइडवर चाले, आणि तो वायू साऱ्या गावात हमखास कोणाकडे मिळायचा तर गफ्फारभाईंकडे, कारण त्यांच्या गोटी सोड्यात तोच असे. त्या दिवशी त्यांचा सगळा साठा यंत्राकडे वळवल्यामुळे पाहुण्यांना मिळालेल्या लिंबू-सोड्यात नुसतंच लिंबू होतं.

चावी फिरली, यंत्र चाललं आणि प्रात्यक्षिक झालं. प्रमुख पाहुण्यांच्या छातीला वायरी चिकटवल्या. यंत्राच्या नळीच्या टोकाला काकडीएवढा लांबट फुगा होता, तो पाण्याच्या काचेच्या बरणीत सोडला. पाहुण्यांच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत फुगा टच्च फुगे आणि पुढचा ठोका पडायच्या आत मिटे. ठप्प-सूं, ठप्प-सूं. लोक माना उंच करून बघत राहिले. सूत्रसंचालकानं आभार मानताना चुकून आधी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याचं नाव घेतलं, तेव्हा फुग्याला इतकी घाई सुटली की बरणीतलं पाणी टेबलावर उसळलं.

सत्यशीलाबाई खोब्रागडे हे सगळं बायकांच्या बाजूनं बघत होत्या. त्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करत. इथे त्या आल्या होत्या नवऱ्याबरोबर. प्रमुख पाहुणे येईपर्यंत लोकांना बसवून ठेवायला खडी गंमतीचा, म्हणजे उभ्यानं रंगणाऱ्या लोकनाट्याचा, एक संच बोलावला होता आणि देवाजी त्या संचाचे ढोलकीवाले होते. पाहुणे बरेच उशिरा आल्यामुळे देवाजींनी बरंच वाजवलं होतं. आता ढोलकी गवसणीत गेली होती. पण सत्यशीलाबाईंनी पाहिलं, यंत्राच्या आवाजाबरोबर त्यांची बोटं मांडीवर चालली होती.

त्यात नवल नव्हतं. देवाजींची बोटं कशाहीबरोबर चालत. पिठाच्या गिरणीबरोबर चालत, मालगाडीबरोबर चालत, बाई पोळ्या लाटायला बसल्या की बेलण्याबरोबर चालत. लग्न झालं तेव्हा सत्यशीलाबाईंना हे गोड वाटलं होतं. नंतर वाटेनासं झालं. पुढे पुढे तिकडे लक्षच जाईनासं झालं.

"त्या यंत्राले काई कळते जी?" घरी जाताना त्यांनी विचारलं.

"हात बरा हाये," देवाजी म्हणाले. "फक्त तोडा नाई येत त्याले."

हे झालं एकोणीसशे शहाऐंशीच्या दिवाळीनंतर. थंडी सरता सरता, एटापल्लीकडची मंडईची, म्हणजे गावजत्रांतली, नाटकं आटोपून येताना, गडचिरोलीच्या बसस्टँडवर देवाजी ढोलकीला टेकून बसले आणि त्यांना उठता येईना. अंगाला घाम, डाव्या हातात कळ, चेहरा राखेसारखा. संचातल्या लोकांनी जीप करून त्यांना चंद्रपूरला आणलं.

डॉ. बोरकुट्यांनी तपासलं आणि सत्यशीलाबाईंना बाहेर बोलावून समजावून सांगितलं. डॉक्टर माणूस चांगला होता. फक्त समोर एक माणूस असला तरी ते सभेला बोलावं तसं बोलत.

"मोठा झटका आहे. हृदयाचा एक भाग बधिर झालाय. बधिर, मेलेला नाही! हा फरक लक्षात घ्या. त्याला दोन-चार दिवस आधार मिळाला तर तो जागा होईल. नाही मिळाला तर आत्ताच्या रक्तदाबावर ते टिकणार नाहीत, आणि अशा अवस्थेत नागपूरला न्यायचं तर वाटेतच..."

"म्हंजे ते यंत्र लावता का?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"तेच."

"लावा मंग."

जांघेतल्या धमनीतून ती मिटलेली काकडी आत गेली, वर सरकली आणि छातीतल्या मोठ्या नळाशी जाऊन थांबली. गफ्फारभाईंनी स्वतः सिलिंडर आणून उभा केला. या वेळी चावी खिशात न ठेवता दोरीनं सिलिंडरलाच बांधली. ठप्प-सूं, ठप्प-सूं सुरू झालं. दुपारपर्यंत देवाजींच्या ओठांना रंग आला. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून विचारलं, "माही ढोलकी कुठी हाये?"

"घरी हाये. मी बी इथंच हावो, विचारलं नाई तरी सांगतो," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून घेतले.

त्यांना आता बसून राहण्याशिवाय काम नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीसमोर बसून राहणं त्यांना जमत नसे. यंत्र चालवायला शमीम सिस्टर होती. बल्लारपूरहून रोज गाडीनं येणारी, तिशीतली, डोळे सदा यंत्राच्या हिरव्या पडद्यावर.

"शमीमबाई, हे नेमकं का करते?"

"दिल को मदत करते, बाई."

"ते त डॉक्टरसाहेबांनं बी सांगितलं. पण मदत करायची त त्याच्या संगंच काऊन नाई करत? त्यानं धकललं की यानं बी धकलायचं. हे त उलटं करून राह्यलं. तो काम करते तवा हे गप्प, अन् तो दम खाते तवा हे सुरू."

शमीमनं पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढली. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. प्रमुख पाहुण्यांनीही नाही, आणि फुगा तर त्यांच्याच ठोक्यांवर चालला होता.

"संगं फुगलं ना, तर दिल के सामने दरवाजाच बंद," ती म्हणाली. "तो इकडून ढकलते, हे समोर आडवं उभं. जो थोडा दम हाये तोही जाईल. म्हणून दिल दाबते तेव्हा फुगा मिटून जागा देते. दिल ढिला पडला की फुगा फुगते अन् रक्त मागं लोटते, दिलच्या स्वतःच्या नसांमध्ये. त्यालेच खुराक मिळते. अन् पुढचा ठोका यायच्या जरा आधी फुगा एकदम बसते. तिथं जागा खाली होते, मग दिलले जोर कमी लागते."

सत्यशीलाबाईंनी दोन्ही मुठी आळीपाळीनं वरखाली करून पाहिल्या. मग म्हणाल्या, "एका उखळात दोघीजणी धान कांडतेत तसं."

"म्हणजे?"

"दोन मुसळं. एकीचं खाली तवा दुसरीचं वर. दुसरीनं पहिलीच्या हाताकडं पाहात राह्याचं. जरा चुकलं की मुसळावर मुसळ."

"बस, बस! तसंच," शमीम हसली. "अन् हे वायरीतून पाहते. पडद्यावर हे टोक उठलं की याले समजते, पहिलीचं मुसळ पडलं."

सत्यशीलाबाईंना बरं वाटलं. रोग काही कमी झाला नव्हता. पण कळलेल्या गोष्टीची भीती अर्धी होते, निदान ती कुठे ठेवायची ते तरी समजतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुसळावर मुसळ बसायला लागलं.

यंत्र नीट चालता चालता मध्येच दोनदा फडफडे. रक्तदाबाचा आकडा घसरे. देवाजींचा चेहरा पुन्हा राखाडी व्हायला लागे. शमीमनं वायरी बदलल्या. छातीवरचे केस काढून वायरी पुन्हा चिकटवल्या. डॉक्टरांनी पंखा बंद करून पाहिला, ट्यूबलाइट बंद करून पाहिली, शेजारच्या खोलीतला रंगीत टीव्हीसुद्धा बंद करवला, त्याबद्दल तो बघत बसलेल्या, रुग्णालयाच्या ट्रस्टच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याशी त्यांची बोलाचाली झाली. पडद्यावर हृदयाच्या टोकांमध्ये भलतीच टोकं उठतच होती, आणि यंत्र बिचारं प्रामाणिकपणे त्या प्रत्येक टोकामागे धावत होतं.

"यंत्रात भूत आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. त्यांच्यासारख्या विज्ञाननिष्ठ माणसानं असं म्हणणं म्हणजे हद्द होती.

सत्यशीलाबाई यंत्राकडे बघतच नव्हत्या. त्या पलंगाच्या कडेला बघत होत्या. तिथे देवाजींचा उजवा हात होता आणि त्याची तीन बोटं लोखंडी दांडीवर चालली होती. नुसती चालली नव्हती, दादऱ्यातून जलद लग्गीत शिरली होती. हात चाले, खांद्याचा स्नायू थरथरे, छातीवरची वायर हले, आणि यंत्राला वाटे, पडलं मुसळ.

"डॉक्टरसाहेब, भूत इथी हाये," त्या म्हणाल्या.

देवाजींना खरोखर माहीत नव्हतं. बोटं दाखवल्यावर ते त्यांच्याकडे पाहुण्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले.

"देवाजी, तुम्ही हे का करता?" डॉक्टरांनी विचारलं.

आता इथे देवाजींनी 'चुकलं' म्हणून मोकळं व्हायचं. पण कलावंताला कारण विचारलं की तो कारण देतो. "साहेब, हे यंत्र थोडं मागं पडून राह्यलं ना," ते क्षीण आवाजात म्हणाले. "कानात माहा ठोका येते, अन् हे मंग येते. जरासं पुढं पायजे. मी त्याले जागा दाखवून राह्यलो."

डॉ. बोरकुट्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्यासमोर एका क्षणात सगळं उभं राहिलं: जंगलातला निरक्षर लोककलावंत, त्याचा उपजत कान, अमेरिकन यंत्राची चूक, मुंबईच्या परिषदेत वाचायचा निबंध, त्याचं शीर्षक. देवाजी मॅट्रिकपर्यंत शिकलेले होते, पण निबंधाला ते सोयीचं नव्हतं.

"सिस्टर, फुगवण्याची वेळ जरा अलीकडे घ्या."

"सर, आवाज डब्यातून येते. फुगा छातीत हाये. डब्याच्या आवाजावरून..."

"सिस्टर, हा कान पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे!"

शमीमनं खटका जरासा सरकवला. रक्तदाब असा घसरला की सत्यशीलाबाई स्टुलावरून उठल्याच. फुगा आता हृदयाच्या दारात, ते अजून ढकलत असतानाच, आडवा उभा राहत होता. शमीमनं कोणाला न विचारता खटका होता तिथे आणला. थोड्या वेळानं आकडा चढला.

"लोककलेचा कान हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे," डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

"मी म्हणतच होतो," देवाजी पुटपुटले, "पह्यलं होतं तेच बरं होतं."

निबंध गेला, पण बोटं राहिलीच. झोपेचं औषध देऊन माणूस निजवावा, तर त्यानं रक्तदाब आणखी खाली जाण्याची भीती. वायरींऐवजी रक्तदाबाच्या लाटेवर यंत्र चालवायची एक सोय असते, पण तो भाग बोटीतून येतानाच फुटला होता. शेवटी उरलं ते गावठी औषध: हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधले. तेव्हा मोकळ्या पायाचा अंगठा चालू झाला. तो बांधला. घटकाभर शांतता झाली आणि डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला, तोच पडद्यावर पुन्हा भलती टोकं उठली.

शमीम वाकून ऐकू लागली. "सर, अब जुबान चल रही है."

देवाजी मिटल्या तोंडात टाळूवर जीभ वाजवत होते. तिच्याबरोबर जबडा हलत होता, जबड्याबरोबर मान.

"अवो, तुम्हाले जगायचं हाये का नाई?" सत्यशीलाबाईंचा आवाज चढला आणि फाटला. "ते यंत्र तुमच्यासाठी मरून राह्यलं, अन् तुम्ही त्याच्यावर ठेका धरून राह्यले!"

"मी नाई करत वं." देवाजींच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. "ते जागा सोडून राह्यलं ना. ठप्प, अन् मंग रिकामं. चाळीस वर्षं मी तेच रिकामं भरलं. आता हात आपोआप जाते, मी का करू?"

सत्यशीलाबाई बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. त्यांना नवरा घरी न्यायचा होता, एवढंच. बेलण्याबरोबर वाजवू दे, झाकणीबरोबर वाजवू दे, त्या जन्मभर ऐकायला तयार होत्या. पण आत्ता, या दोन दिवसांत, हा माणूस ज्यासमोर वाजवणार नाही असं जगात काय आहे?

आणि असं एक होतं.

खडी गंमतीत दोन संच समोरासमोर उभे राहिले की दोन ढोलकीवाले असतात. एकाची बारी सुरू असली की दुसऱ्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं. बोट हलवायचं नाही, मान डोलवायची नाही. दुसऱ्याच्या बारीत ठेका धरणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. हा नेम कुठे लिहिलेला नाही म्हणूनच सगळे पाळत. देवाजींनीही तो मोडला नव्हता. किंवा एकदाच मोडला होता, असं राजुऱ्याचे सोमाजी अलोणे म्हणत. सहा-सात वर्षांपूर्वी सोमाजींच्या बारीत देवाजींच्या पायाचा अंगठा हलला, हे सोमाजींनी भर मंडपात ढोलकी थांबवून सांगितलं होतं. देवाजींचं म्हणणं, मुंगी चावली होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. चंद्रपूर-राजुरा भागात दोन ढोलकीवाल्यांत अबोला असणं काही मोठी गोष्ट नव्हे, पण यांचा नावाजलेला होता.

सत्यशीलाबाईंनी आत जाऊन सांगितलं, "डॉक्टरसाहेब, सोमाजीभाऊले बोलवा. त्याले इथी ढोलकी वाजवू द्या. हळू वाजवन तो. त्याच्या बारीत हे मेले तरी बोट हलवणार नाई."

"हृदयविभागात ढोलकी?"

"आता का हृदयविभागात शांतता हाये?"

डॉक्टरांनी विचार केला. मघाच्या निबंधाच्या जागी दुसऱ्या निबंधाचं शीर्षक त्यांना दिसू लागलं असावं. त्यांनी जीप पाठवली.

सोमाजी आले. उंच, वाळलेले, डोक्याला मफलर, काखेत गवसणीतली ढोलकी. राजुऱ्याहून येताना जीपमध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "देवाजीनं बोलावलं का बाईनं?" बाईनं, असं कळल्यावर ते समाधानानं गप्प झाले होते.

खोलीच्या दारात चपला काढून ते थांबले. पलंगाकडे त्यांनी बघितलं नाही. कान यंत्राकडे लावला. ठप्प-सूं, ठप्प-सूं. मध्येच फड, फड.

"हे कोण वाजवून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"मशीन हाये, भाऊ," शमीम म्हणाली.

"कोणाच्या मागं वाजवते?"

"यांच्या दिलच्या."

सोमाजी बराच वेळ ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी सत्यशीलाबाईंना खुणेनं विचारलं आणि बाईंनी कुजबुजून सांगितलं: तो काम करते तवा हे गप्प, तो दम खाते तवा हे सुरू. सोमाजींनी मान हलवली. मग ढोलकीची गवसणी सोडायला घेतलेली गाठ त्यांनी पुन्हा आवळली.

"वाजवा ना, भाऊ," सत्यशीलाबाई काकुळतीला आल्या.

"कसा वाजवू, बाई? इथी पह्यलेच एकाची बारी सुरू हाये."

"ते यंत्र हाये, सोमाजीभाऊ!"

"असन. पण गाणाऱ्याच्या मागं राह्यते, त्याच्या तोंडावर पडत नाई, जागा देते. म्हंजे ढोलकीवालाच झाला तो." सोमाजींनी स्टूल ओढलं, पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं, ढोलकी भिंतीला टेकवली आणि बसले. बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

मग पहिल्यांदा त्यांनी देवाजींकडे बघितलं. तोंडाकडे नाही. पट्टीत बांधलेल्या पायाकडे. पट्टी जराशी सैल झाली होती आणि अंगठा चालू होता.

सोमाजी नुसते अंगठ्याकडे बघत राहिले, जसं सहा-सात वर्षांपूर्वी बघितलं होतं.

देवाजींची नजर सोमाजींच्या नजरेमागून हळूहळू खाली गेली आणि स्वतःच्या अंगठ्यावर येऊन पोचली. खोलीत ठप्प-सूं एवढंच ऐकू येत होतं. देवाजींचे कान लाल झाले. बऱ्याच तासांत त्यांच्या अंगात एवढं रक्त कुठेच चढलं नव्हतं.

"मुंगी..." ते म्हणाले.

"हव," सोमाजी म्हणाले. "दवाखान्यात बी असतेत मुंग्या."

अंगठा थांबला. जीभ थांबली. देवाजींनी घसा खाकरून हळूच म्हटलं, "शमीमबाई, हे हात सोडा."

शमीमनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी सत्यशीलाबाईंकडे. पट्ट्या सोडल्या. पाय सरळ ठेवायची सक्ती होती, त्यामुळे मांड्यांखाली हात घालता येईनात. देवाजींनी ते दोन्ही बाजूंनी कमरेखाली सरकवले आणि आपल्या वजनानं दाबून टाकले. पडद्यावर टोकं एकामागून एक उठत गेली, आपापल्या जागी, मध्ये कोणी नाही. रक्तदाब चढायला लागला. सत्यशीलाबाईंनी पडद्याकडे बघत उखळातली दोन मुसळं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मोजण्यासारखं काही नव्हतं, दोघींचा हात बसला होता.

सोमाजी राजुऱ्याला गेले नाहीत. जेवायला उठत, पुन्हा येऊन तसेच बसत. शेजारच्या खोलीतले लोक दारातून डोकावून बघून जात: एक म्हातारा स्टुलावर, एक पलंगावर, दोघांचेही हात अंगाखाली, आणि दोघंही एका डब्याचं ऐकताहेत.

सहा-सात वर्षांचा अबोला यंत्राच्या निमित्तानं सुटला, म्हणजे भांडण सुरू झालं.

"चांगला हात हाये याचा," सोमाजी म्हणत.

"का चांगला? एकच ठेका."

"तुले त तोही धरू देईना."

"अरे पण कुठी उठाण नाई, कुठी तिहाई नाई..."

"गाणारा दमला असला की तिहाई नसते लावत, देवाजी. त्याले सांभाळते. हे तुले चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नाई, माही चूक झाली."

सत्यशीलाबाई ऐकत आणि मधूनच पडद्याकडे बघत. नवऱ्याला इतकी बोलणी खाताना बघून त्यांना कधी एवढा आनंद झाला नव्हता.

मग डॉक्टरांनी यंत्राची मदत हळूहळू उतरवायला घेतली. आता ते दर ठोक्याला फुगेना, एका आड एक फुगू लागलं. देवाजी घाबरले. "दमला का?"

"दमला नाई," सोमाजी कान देऊन म्हणाले. "गाणाऱ्याले मोकळा सोडून राह्यला. आता पाय त्याचे त्यानं टाकायचे."

पुढे दर तिसऱ्या ठोक्याला. सत्यशीलाबाई स्टुलाच्या कडेवर आल्या. मधले दोन ठोके एकट्याचे होते. ते पडले की त्या श्वास सोडत. आकडा जरा खाली आला, थबकला आणि तिथेच राहिला. दुपारभर राहिला. शमीमनं डॉक्टरांकडे बघून मान हलवली आणि खटका बंद केला.

ठप्प-सूं थांबलं. इतके तास कानात बसलेला आवाज गेल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. पडद्यावर मात्र टोकं उठतच होती, एकटी, आपल्या पायांवर. सोमाजींनी मांडीखालून हात काढले, झटकले, आणि बंद यंत्राकडे बघून कपाळाला लावले.

सत्यशीलाबाई शमीमला म्हणाल्या, "तुम्ही जेवल्या का नाई?"

नळी काढून झाली, जांघ बराच वेळ दाबून धरून झाली, आणि डॉ. बोरकुट्यांनी उरलेलं काम केलं. ट्रस्टचे अध्यक्ष आले, त्यांचा मेव्हणा आला, स्थानिक दैनिकाचा वार्ताहर कॅमेरा घेऊन आला. गफ्फारभाई रिकाम्या सिलिंडरसाठी आले होते, त्यांनाही फोटोत उभं केलं. देवाजींना अजून पाय हलवायची मनाई होती. ते तसेच उताणे, हात कमरेखाली; काढा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"मित्रहो!" डॉक्टर म्हणाले. "आज या खोलीत यंत्रानं माणसाचं ऐकलं आणि माणसानं यंत्राचं! पूर्वेची लय आणि पश्चिमेचं विज्ञान यांनी एकमेकांना जागा दिली! विश्वाच्या हृदयात जे स्पंदन आहे, तेच या गरीब कलावंताच्या..." इथे त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि ते पलंगावर वाकले. "देवाजी, तुम्ही मृत्यूच्या दारातून परत आलात. त्या दारात तुम्हाला काय कळलं? सांगा. सगळे ऐकताहेत."

वार्ताहरानं पेन उघडलं. अध्यक्षांनी चेहरा गंभीर केला. सत्यशीलाबाई पुढे झाल्या. त्यांनाही खरोखर ऐकायचं होतं.

देवाजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली, ओठ ओले केले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"साहेब, सोमाजी आला तवापासून पाठ खाजून राह्यली. जरा हात घालून खाजवून देता का? डाव्या अंगाले... नाई नाई, थोडं खालतं."